मिंडेलोचा आचारी

नव्वदच्या दशकात मी जहाजावर सेकंड इंजिनियर होतो आणि आमचं बिऱ्हाड सिंगापुरात, बुकित पंजांगच्या एका फ्लॅटमध्ये होतं. जहाज दुरुस्तीला यार्डात लागलं, तेव्हा एका रविवारी मी आमच्या आचाऱ्याला घरी जेवायला नेलं. पन्नाशीचा, हसरा माणूस. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिकमधल्या एका बेटावरच्या मिंडेलो बंदराचा. वर्षभर त्याच्या हातचं खाल्लं होतं, म्हटलं थोडी परतफेड करावी.

त्याने नळाचं पाणी पिऊन विचारलं, हे येतं कुठून? बरंचसं पलीकडच्या मलेशियातून, मी सांगितलं. त्यावर तो खूश झाला. त्याच्या बेटावर नदी नाही, पाऊस नावाला. आजोबांच्या काळी पाणी शेजारच्या बेटावरून होड्यांनी यायचं. तरी तिथे शहर वसलं, कारण खाडी खोल. इंग्रजांनी कोळशाची कोठारं उघडली आणि ब्राझीलकडे निघालेल्या बोटी कोळसा भरायला थांबू लागल्या. त्याची आजी डोक्यावरून कोळसा वाहायची. पुढे जहाजं तेलावर चालू लागली, थांबेनाशी झाली. गाणं-बजावणं तेवढं टिकलं. तरणी मुलं खलाशी झाली, तसाच तोही.

"सेम लाइक सिंगापूर लाह," आमची आठ वर्षांची मुलगी तिथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

"हो, पण तुमच्याकडे जहाजं अजून थांबतात," तो म्हणाला. आणि त्याने भरली वांगी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

दोन वर्षांनी मी दुसऱ्या जहाजावर होतो. वाटेत पंप बिघडला आणि आम्ही दोन दिवसांसाठी नेमके मिंडेलोला लागलो. गोदीवर त्याचं नाव काढताच एकाने मला थेट त्याच्या दारात नेऊन सोडलं. ऐंशीच्या पुढची आई, तिला इंग्रजीचा गंध नाही. तिने हाताला धरून बसवलं आणि मका-घेवड्याचं दाट कालवण पुढे ठेवलं. मुलगा कुठे आहे, ते शेजाऱ्याने सांगितलं: समुद्रावर, बहुतेक सिंगापूरकडे.

महिन्याभराने घरी परतलो, तर बायको सांगू लागली, तो येऊन गेला. ब्लॉकचा नंबर त्याच्या लक्षात होता. जेवला, मुलीला गाणं शिकवलं आणि वांग्यांची कृती लिहून घेऊन गेला.

मी त्याच्या आईकडे जेवून आलो, हे तिला सांगितलं. ती हसली. "तुम्ही त्याच्या घरी, तो आपल्या घरी. उपाशी कोणी राहिलं नाही, एवढं बरं झालं."