सलालातली उतरंड

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यानंतरची, माझ्या हद्दीबाहेरची आणि कुठेच नोंद नसलेली ती एकच केस मी अजून विसरलेलो नाही.

दहाएक वर्षांपूर्वी मुलगी ओमानला होती. तिच्याकडे गेलो असताना मी आणि पत्नी सलाला पाहायला गेलो. भर शहरात, रस्ते आणि हॉटेलांच्या मधोमध, जुन्या बंदराचे अवशेष आहेत. आपापल्या चालीनं निवांत पाहून फाटकाशी आलो, तर रखवालदारानं आमच्या ड्रायव्हरला अडवलेलं. कुणा पर्यटकानं खबर दिली होती, की एका इंडियननं पुरातन भिंतीचे दगड उचलून रचून ठेवलेत.

"तुम्हारे अर्बाब को फोन करेगा," रखवालदार म्हणाला. अर्बाब म्हणजे मालक. त्याच्या कानावर गेलं, की ड्रायव्हरची नोकरी संपली.

ड्रायव्हर राजापूरकडचा, सकाळपासूनची ओळख. तो पटकन म्हणाला, "हां, मैंने किया."

माझं डोकं चालू लागलं. न विचारता आलेल्या कबुलीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

"वरचा दगड कसा होता रे?"

"काळा, साहेब."

"पांढरा हो," मागून पत्नी म्हणाली. "शंखासारखा गुळगुळीत."

"काकी, कशाला बोललात!" ड्रायव्हर कळवळला. "लांबून बघितलं होतं मी तुम्हाला रचताना. परक्या देशात तुम्हाला चौकीत बसवलं असतं तर?"

मी पत्नीकडे वळलो. "कशासाठी केलंस हे?"

"गडावर रचतात ना दगडांची उतरंड, घर व्हावं म्हणून."

"लेकीचं?"

"आपलं. जन्म पोलीस लाइनीत गेला. पोलिसांच्या सोसायटीत साहेबांच्या मेहुण्यांना फ्लॅट मिळाले, तुम्हाला नाही, हे रोज चहाबरोबर ऐकवता. म्हटलं, इथल्या देवाला सांगून बघू."

मग मी रखवालदाराशी घासाघीस केली. तो तक्रारीवर अडला, मी माफीवर. शेवटी ठरलं, की ड्रायव्हरचं नाव कुठे जाणार नाही आणि दगड मी स्वतः जागच्या जागी ठेवायचे. "खलास," तो म्हणाला. पत्नी जागा दाखवत होती, मी गुडघे धरून वाकत होतो.

"तो डावीकडे हो. नीट ठेवा, आपटू नका."

नोकरीत मी माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलताना पाहिली. अर्ध्या दिवसाच्या ओळखीच्या काकीसाठी पोट पणाला लावणारा तो पहिलाच. त्यानं मला शिकवलं, की खोटं पकडलं तरी ते कुणासाठी बोललं गेलं हे विचारल्याशिवाय तपास पुरा होत नाही.

सोसायटीचा राग अजून आहे. पण चहाच्या वेळी तो विषय काढत नाही. निदान ही समोर असताना तरी.