शेळीला दावं असतं

टाळ्या वाजल्या त्या तिच्यासाठी.

ती म्हणजे रेवा मॅडम. पुण्याच्या. माझ्याच वयाच्या असतील, फार तर एखाद वर्ष इकडेतिकडे. कातळाच्या मधोमध त्या चिकटून उभ्या होत्या, गाल दगडाला लावून, आणि मोठमोठ्यानं सांगत होत्या, "मला भीती वाटतेय. मला खूप भीती वाटतेय." खालून ट्रेकवाले सर त्यांना एकेक खोबणी दाखवत होते. डावा पाय खाली घ्या. अजून थोडा. शाब्बास. घाई नाही मॅडम, सगळा दिवस पडलाय आपल्याला. मॅडमच्या कमरेला दोर होता. दोराचं दुसरं टोक वर माझ्या दादाच्या हातात. दादा टाच रोवून बसला होता आणि वीतवीत दोर सोडत होता.

अर्धा तास लागला. मॅडमचे पाय जमिनीला टेकले आणि खालच्या दहाबारा बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं मिठी मारली. एकीनं चॉकलेट काढून दिलं. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भीती वाटते हे मान्य करायलाच खरी हिंमत लागते."

हे वाक्य मी वरून ऐकलं. पाठीवर स्वयंपाकाच्या सामानाची सॅक. पोटावर रेवा मॅडमची सॅक, कारण मॅडमना हलकं वाटावं म्हणून ती काढून माझ्या गळ्यात अडकवली होती. पोटावर सॅक असली की पायाखालचं दिसत नाही. आणि त्या कातळावर पाय न दिसणं म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आता माझी पाळी. सरांनी दादाला दोर खाली टाकायला सांगितला, गुंडाळून ठेवायचा होता. दादा टाकणार तेवढ्यात मी म्हणाले, "सर, मलाबी दोर पायजे."

सरांनी मान वर केली. हसले. "तुला गं कशाला दोर? तू तर इथली शेळी. शेळीला कुणी दोर लावतं का?"

सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, कौतुकानं हसल्या. तेच जास्त लागलं. वाईट हसलं तर उलटून शिवी देता येते, कौतुकाला काय उत्तर देणार? दादापण हसला. आणि त्यानं दोर खाली टाकला.

मी उतरले. चपला काढून कमरेला खोचल्या, तोंड दगडाकडे केलं आणि पायानं खोबण्या चाचपत उतरले. पहिली सापडली. दुसरी सापडली. तिसरी सापडेना. पाय नुसता हवेत फिरत राहिला. पोटावरची सॅक मला दगडापासून मागं ढकलत होती. तेव्हा सलवारीतून काहीतरी गरम खाली गेलं आणि ते काय आहे हे मला लगेच कळलं.

खाली आले. टाळ्या नव्हत्या. बायका पुढं चालायला लागल्या होत्या. रेवा मॅडम सॅक घ्यायला आल्या, माझ्या कपड्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, माझी बाटली गळली वाटतं. सॉरी हं."

मी "हो" म्हणाले. बाटली घट्ट बंद होती, मला माहीत होतं.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला माझं "हो" कळेल.

आमची वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. आम्ही कोळी महादेव. बाजाराला जुन्नर, बाकी सगळं डोंगरात. हिरडा गोळा करायचा तर डोंगर, गवत आणायचं तर डोंगर. वाडीतलं पोरगं चालायला लागतं ते चढायलाच लागतं, असं आमच्याकडं म्हणतात. मीही चढायला लागले. पण उंचावर गेलं की माझे तळहात ओले व्हायचे. खालची झाडं हलल्यासारखी दिसायची आणि जमीन माझ्याकडं यायची. सात वर्षांची असताना हिरड्याला गेलो होतो, तेव्हा एका कड्यावर मी खालीच बसले आणि उठेना. आईला म्हणाले, मला भ्या वाटतंय.

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. म्हणाली, "कड्यावर भ्या म्हणायचं न्हाई. भ्या म्हटलं की ते पायात उतरतं."

हा आमच्या वाडीचा नियम. कड्यावर साप म्हणत नाहीत, पडणं म्हणत नाहीत आणि भ्या म्हणत नाहीत. फारच झालं तर बाई म्हणते, पाय जड झालं. मग सगळ्या थांबतात, तिच्या डोक्यावरचा भारा दुसरी घेते आणि कुणी काही विचारत नाही. म्हणजे सोय होती, नव्हती असं नाही. पण शब्द नव्हता. वीस वर्षं मी तो शब्द गिळत आले. बारावी झाले, शिवणाचा कोर्स केला, पण भीती जिथल्या तिथं. तिला कारणही नाही. मी कधी पडले नाही, माझ्या डोळ्यांदेखत कुणी पडलं नाही. वाटते, एवढंच.

दादा शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांना वाट दाखवायला जातो. जेवण आमच्याच घरी असतं, पिठलं-भाकरी मी करते. त्या दिवशी बायकांचा ग्रुप होता म्हणून सर म्हणाले, सोबत एखादी बाई असू दे, वर चहा-नाश्ता करायला. दादानं मला विचारलं नाही, सांगितलं. बरं, वर जाताना घळीची वाट आहे, लांबची पण सोपी. कातळ लागतो तो दुसऱ्या बाजूनं उतरताना. आज त्या बाजूनं उतरायचंय, हे मला वर गेल्यावर कळलं.

तर त्या दिवशी सगळे उतरून आमच्या घरी जेवायला बसले. मी कपडे बदलून चुलीपुढं बसले. रेवा मॅडम स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसल्या. बोलायला चांगल्या होत्या, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. म्हणाल्या, "तुम्ही लोक किती लकी. तुम्हाला भीती हा प्रकारच माहीत नाही. मला ना, व्हर्टिगो आहे."

मी विचारलं, म्हणजे काय असतं? त्यांनी नीट समजावून सांगितलं. उंचावर गेलं की डोकं गरगरतं, हात ओले होतात, जमीन आपल्याकडं येतेय असं वाटतं. त्या डॉक्टरांकडंही जाऊन आल्या होत्या.

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

मला त्यांच्या बुटांचा हेवा वाटला नव्हता. मोबाइलचा नाही, गोऱ्या हातांचा नाही. पण त्या क्षणी मी जळले. वरपासून खालपर्यंत जळले. जे त्यांना होतं तेच मला होतं, डिट्टो तेच. त्यांच्याकडं त्याला नाव होतं, डॉक्टर होता, दोर होता, अर्धा तास होता, टाळ्या होत्या. माझ्याकडं बाटली गळल्याचं खोटं होतं. त्या भीती वाटते म्हणून ओरडल्या आणि शूर झाल्या. मी दोर मागितला आणि शेळी झाले. आणि सगळ्यात जास्त कशानं जळले सांगू? त्यांनी कड्यावर "भीती" हा शब्द शंभर वेळा उच्चारला होता, आणि तो त्यांच्या पायात उतरला नव्हता. त्या सुखरूप खाली येऊन माझ्या दारात मांडी घालून बसल्या होत्या.

सरांनाही बघत होते मी. रेवा मॅडमना तुम्ही. मला तू. आधी हे कधी कानाला खटकलं नव्हतं, त्या दिवसापासून खटकतंय.

मॅडमनी तिसरी भाकरी मागितली. मी करपलेली वाढली. मुद्दाम. त्या म्हणाल्या, "चुलीची चव वेगळीच." म्हणजे जळण्यातसुद्धा माझं काही चाललं नाही.

त्यानंतर महिनाभर मी धुमसत होते. आईला सांगितलं, तर म्हणाली, सोड, आपल्याला काम मिळतंय ना. दादाला सांगायची सोयच नव्हती. शिवणाच्या मशीनवर बसले तरी तो कातळ समोर यायचा, आणि त्यावर मी नाही, रेवा मॅडम असायच्या. दोर बांधलेल्या. मग सरांचा फोन आला. दादानं स्पीकरवर ठेवला होता. सर म्हणाले, "ती शेळी येईल ना रे?" दादा म्हणाला, "येईल की." माझ्याकडं न बघता.

मी गेले. नाही म्हणता आलं असतं, पण मला त्या कातळावर परत जायचं होतं. घळीच्या वाटेनं वर गेलो, चहा झाला, फोटो झाले. नवीन ग्रुप होता, बाया-बाप्ये मिळून पंधराजण. उतरताना पुन्हा तेच. दादा वर दोर धरून, सर खाली, एकेकाला दोर लावून उतरवणं चाललेलं. दोघींनी भीती वाटते म्हणून सॅका काढल्या आणि त्या माझ्याकडं आल्या. एक पाठीवर, एक पोटावर. शेवटचा माणूस उतरला. दादा दोर गुंडाळायला लागला.

मी दोन्ही सॅका काढून खाली ठेवल्या.

म्हणाले, "मला भ्या वाटतं."

दादा एकदम उठून उभा राहिला. त्यानं माझ्या तोंडाकडं असं बघितलं, जसं आईनं तेव्हा बघितलं होतं. पण तो लांब होता, त्याचा हात पोचला नाही.

खालून सर म्हणाले, हे काय नवीन नाटक? मागच्या वेळी तर सरसर उतरलीस. मी सांगितलं, मागच्या वेळीबी वाटत होतं. दोर लावा, उतरते. सर म्हणाले, आता वेळ नाही, सगळे खोळंबलेत. दुपारचा एक वाजला होता. रेवा मॅडमना सगळा दिवस पडला होता.

मग मी जे म्हणाले ते महिनाभर जिभेवर घोळवलेलं होतं. "सर, तुमी मला शेळी म्हणला व्हता. शेळीला दावं असतं. आमची शेळी गाभण असली की दादा ह्याच कातळावरनं तिला दावं बांधून खाली सोडतो. पोटाला लागू नये म्हणून मी खालून झेलते. इचारा दादाला. तुमाला शेळीबी म्हाईत न्हाई आन् मीबी म्हाईत न्हाई."

खाली कुणी हसलं नाही. एका बाईनं मोबाइल खाली घेतला. सर दादाला म्हणाले, "समजाव रे हिला."

दादाच्या हातात दोर होता. माझ्यापासून चार पावलांवर. कमरेला एक वेढा आणि एक गाठ, एवढंच काम. शेळीला तो डोळे मिटून बांधतो. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो खाली सरांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाय, उतर गुमान. माझं काम जाईल."

त्याचं खोटं नव्हतं. काम खरंच जाईल. पण त्याचं काम आणि माझी कंबर यांत त्यानं काय धरलं, ते मी बघितलं. दोर त्यानं गुंडाळला.

मी सॅका तिथंच ठेवल्या आणि आल्या वाटेनं मागं फिरले. खालून सरांचा आवाज येत होता. घळीची वाट लांबची, तीन तासांची. सोपी म्हणतात, पण सुट्या मुरमाच्या, घसाऱ्याच्या दोन जागा आहेत तिथं. पहिल्या जागेवर मी बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "भ्या वाटतंय." कुणी ऐकायला नव्हतं. पायांकडं बघितलं. ते होते तिथं होते. बूड टेकत टेकत उतरले. दुसऱ्या जागेवर पुन्हा म्हणाले. मग वाटेभर म्हणत आले, ओढ्यापाशी, करवंदीच्या जाळीपाशी, जिथं भीती नव्हती तिथंसुद्धा. वीस वर्षांचं साठलेलं होतं.

घरी आले तर दादा आधीच पोचला होता. दोन्ही सॅका त्यालाच उतरवाव्या लागल्या. त्या दिवशी तो बोलला नाही, नंतरही चार दिवस बोलला नाही. आईला मी कड्यावर काय बोलले ते कळलं होतं. तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. सरांनी दोन शनिवार बोलावलं नाही. वाडीत बोभाटा झाला की कोळ्याची पोर डोंगराला भ्याली. जळकुकडी आहे, शहरातल्या बायांची बरोबरी करायला बघते, असंही कुणी म्हणालं.

आहे. जळकुकडी आहे. रेवा मॅडमवर मी अजून जळते. त्या आज कुठंतरी डॉक्टरपुढं बसून सांगत असतील आणि तो मान डोलावत ऐकत असेल, या विचारानं जळते. ही जळजळ मला विझवायची नाही. तिच्यामुळंच मला कळलं की माझ्याकडून काय काढून घेतलं होतं. ते सरांनी घेतलं, आणि माझ्या माणसांनीही घेतलं. भ्यायचा हक्क.

काल परत फोन आला. जोडून सुट्टी आहे, मोठा ग्रुप आहे, बाई लागेल. दादा दारात उभा, फोन चालू, स्पीकरवर. माझ्याकडं न बघता म्हणाला, सर इचारत्यात, येती का?

मी मशीन थांबवली. म्हणाले, "सरांना सांग. आधी दोर माझ्या कमरेला. मग सॅक."

दादा फोनवर हात ठेवायला गेला, मी त्याला ठेवू दिला नाही.