लंडनचं घड्याळ आणि परळची शिडी

आमच्या गिरणीचा भोंगा घोगरा होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. पहाटे परळमध्ये एकामागून एक भोंगे वाजत. लहानपणी मी शेजारच्या गिरणीच्या भोंग्यालाच उठून बसायचो. आई पाठीवर हात ठेवून म्हणायची, "निज रे, आपलो नाय तो." मग आमचा घोगरा वाजायचा आणि बाबा उठायचे. पुढे मीही त्याच भोंग्याला उठून त्याच गिरणीत जाऊ लागलो.

आता गिरणीच्या जागेवर काचेची इमारत आहे. तिथे चौथ्या मजल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चहा करतो. कंपनी इंग्लंडमधल्या बेकऱ्यांसाठी प्रोग्राम बनवते आणि त्यांचे फोनही घेते. भोंगा नाही, पण भिंतीवर चार घड्याळं आहेत. तरी किती वाजले हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं! त्यामुळे किस्से साठत जातात, बेसिनमधल्या कपांसारखे. आज थोडे विसळून ठेवतो.

* * *

लालबागचा निलेश आमच्याकडे प्रोग्राम लिहितो. गोड पोरगा. त्याने मला समजावलं, "काका, इंग्लंडवाले मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरमध्ये परत मागे. उजेड वाचवायला."

मी विचारलं, "मग वाचवलेला उजेड ठेवतात कुठे?"

"आमच्या डोक्यावर!"

* * *

घड्याळं मुंबई, लंडन, दुबई आणि टोकियोची. दुबई-टोकियोशी आमचा काडीचा संबंध नाही. ती शोभेला आहेत. मी लागलो त्या वर्षी मार्चमध्ये आमचे मॅनेजर प्रधान सर म्हणाले, "काका, शिडी आणा. लंडन एक तास पुढे घ्या."

मी घेतलं. ते लांब उभे राहून बघत होते. म्हणाले, "एकच पुढे गेलेलं बरं दिसत नाही. सगळीच घ्या!"

मी शिडी सरकवत सरकवत टोकियोपर्यंत गेलो. मुंबईही पुढे गेली. त्या दिवशी अर्धं ऑफिस घड्याळ बघून जेवायला गेलं आणि अर्धं मोबाईल बघून. दोन्ही अर्धी परत एकत्र आली ती थेट चहाला.

* * *

बेकरीच्या प्रोग्रामचं काम म्हणजे रोज रात्री तिकडच्या दीड वाजता पिठाची ऑर्डर पाठवणं. ऑक्टोबरमध्ये तिकडे घड्याळ मागे गेलं, म्हणजे रात्री एक ते दोनचा तास दोनदा आला. प्रोग्राम बिचारा सांगितल्या कामाचा. दोनदा वेळ झाली, त्याने दोनदा ऑर्डर पाठवली. इंग्लंडमध्ये पिठाची पोती दारात मावेनात.

मार्चमध्ये उलटं झालं. तो तास आलाच नाही. ऑर्डर गेली नाही आणि पीठही आलं नाही. गोरा साहेब फोनवर इतका ओरडत होता की मला पॅन्ट्रीत ऐकू येत होतं.

प्रधान सर शांतपणे म्हणाले, "सर, वर्षाचं ॲव्हरेज बघा. परफेक्ट आहे!"

* * *

निलेश त्यानंतर केबिनमध्ये गेला. म्हणाला, "सर, मला चार दिवस द्या. सगळ्या वेळा जगाच्या एकाच वेळेत साठवू. दाखवताना ज्या गावाची हवी त्या गावाची दाखवू. कॉम्प्युटरला कुठल्या गावचं घड्याळ कधी फिरतं ते माहीत असतं. परत बघायला नको."

"वर्षातून दोनदा तर होतं! तेवढ्यासाठी चार दिवस? तू हाताने बदलत जा."

निलेश बाहेर आला आणि मला म्हणाला, "काका, तुमची शिडी आणि माझा कीबोर्ड, आपला हुद्दा एकच."

* * *

प्रधान सरांचा सिस्टिमवर मोठा विश्वास. दारावर कार्ड लावलं की माणूस आत, पुन्हा लावलं की बाहेर. एकदा एक मुलगा कार्ड घरी विसरला. सरांसमोर उभा राहिला, तर सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तू आलेला नाहीस."

सरांचा वाढदिवसही सिस्टिमनेच सांगितला. मुंबईत मध्यरात्री तारीख बदलते तेव्हा लंडनमध्ये आदली संध्याकाळ असते, आणि सिस्टिमने सरांच्या जन्मतारखेची मध्यरात्र लंडनच्या तारखेत मांडली, म्हणजे आदल्या दिवशी. केक एक दिवस आधी आला.

"सर, वाढदिवस उद्या ना?" कुणीतरी विचारलं.

"सिस्टिम म्हणते आज, तर आज!" सरांनी सुरी उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईचा फोन आला. सर म्हणाले, "आई, यंदा तू लेट!"

* * *

आता शेवटचा. आमच्याकडे प्राजक्ता आहे, भोईवाड्याची. बेकरीवाल्यांचे फोन ती घेते. बेकऱ्या पहाटेच उघडतात, त्यामुळे तिची ड्यूटी लंडनच्या सातपासून तीनपर्यंत. हिवाळ्यात ती इथून साडेआठला सुटते. घरी पोचते तोवर पहिलीतली मुलगी झोपलेली असते. सकाळी भेट होते ती वेणी आणि डब्यापुरती. मार्चमध्ये लंडन पुढे गेलं की प्राजक्ता साडेसातला सुटते आणि दार मुलगी उघडते. आमच्याकडे दिवाळीची वाट बघतात, प्राजक्ता मार्चची बघते.

यंदा घड्याळ फिरलं आणि निलेश शिमग्याला गावी. पालखी नाचवायला. फोनला रेंज नाही. सिस्टिम हाताने बदलणारा तोच, त्यामुळे सिस्टिम हिवाळ्यातच राहिली. मी सकाळी शिडी काढली, तर प्रधान सर म्हणाले, "निलेश येईपर्यंत राहू द्या. घड्याळ आणि सिस्टिम एक दिसायला हवं."

फोन मात्र नव्या वेळेला वाजू लागले. प्राजक्ता एक तास आधीच येऊन बसली होती. दिवसभर खूश. मला म्हणाली, "काका, आज बघा, ती दारातच उभी असेल. सकाळी बजावलंय मला, उशीर करायचा नाही."

साडेसात वाजले. फोन बंद झाले. ती पर्स घेऊन उठली.

"कुठे?" प्रधान सरांनी स्क्रीनवरून मान न उचलता विचारलं. "लंडनमध्ये दोन वाजलेत. तीनला सुटायचं."

"सर, तिकडे तीन वाजले. बेकरीवाले घरीसुद्धा गेले."

"ते लंडनचे. आपण सिस्टिमचे."

"पण मी सकाळी एक तास आधी आले ना!"

"ड्यूटीच्या आधी आलात. तो धरत नाहीत. आत्ता बाहेर गेलात तर हाफ डे लागेल. मी काही करत नाही, सिस्टिम करते."

मी कप गोळा करत होतो. तो आवाजही मला मोठा वाटला, म्हणून थांबलो.

प्राजक्ताने भिंतीवरच्या लंडनकडे पाहिलं. मग गळ्यातलं कार्ड काढलं, पट्टी नीट गुंडाळली, प्रधान सरांच्या कीबोर्डशेजारी ठेवलं आणि निघून गेली. कार्ड आत, म्हणजे सिस्टिममध्ये ती आतच!