बिनआगीचे भाऊजी

सरकारी नोकरीत काही न करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात; पण काही होऊच न देणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझ्या ताईचा नवरा. भाऊजी आमच्या गावच्या आगीच्या बंबाचे ड्रायव्हर. गाव हिंगणघाटच्या रस्त्यावरचं, चौफेर कापसाच्या जिनिंगा, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्या. एक ठिणगी पडली की आटोपलंच. त्यामुळे या माणसाला गरम भाताच्या वाफेतही धूर दिसायचा. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवामागच्या सिलिंडरला भेटून यायचे. माझ्या लग्नात तर होमाशेजारी पाण्याची बादली घेऊन असे उभे राहिले, की सासरच्यांना वाटलं हे गृहस्थ लग्न मोडायलाच आले आहेत. दिवाळीत त्यांची स्वतःची पोरं फुलबाज्या लावायला शेजाऱ्यांकडे जायची.

कापसाचा हंगाम सुरू झाला की दुपारी त्यांची जुनी लुना निघायची. जिनिंगमध्ये शिरायचं, चौकीदाराच्या कानामागची विडी काढून घ्यायची, ट्रॅक्टर कापसाच्या गंजीपासून लांब उभा करायला लावायचा, लाल बादल्यांत वाळूच आहे की पानाच्या पिचकाऱ्या, ते हात घालून पाहायचं, आणि शेवटी मालकाचा चहा पिऊन मालकालाच झापायचं. परिणाम असा, की बंब वर्षानुवर्षं बाहेर निघायचा तो मंत्री येणार म्हणून रस्ता धुवायला, नाहीतर साहेबांच्या बंगल्यावरच्या लिंबांना पाणी घालायला.

मग कामगिरीप्रमाणे पगारवाढ द्यायचं वारं आलं. नवे साहेब मूल्यमापनाचा तक्ता घेऊन आले, आणि संघटना खवळून उठली. निवेदनाची भाषा मोठी तत्त्वाची होती. खरं दुखणं इतकंच, की मूल्यमापन झालं तर मूल्य कळेल. ज्यांनी टेबलावरची फाइल फक्त धूळ झटकायला उचलली, तेसुद्धा छाती काढून म्हणाले की आमच्या कामाची मोजदादच होऊ शकत नाही. अगदी बरोबर बोलले बिचारे! गंमत म्हणजे ही सगळी मंडळी पास झाली. नापास झाले भाऊजी. तक्त्यात ‘विझवलेल्या आगी’ असा रकाना होता आणि भाऊजींच्या नावापुढे शून्य. शेजारच्या गावी उठल्याबसल्या काहीतरी पेटायचं, तिथला बंबवाला पहिला आला. भाऊजींच्या निवृत्तीला दोनेक वर्षंच उरली होती. अडलेली वाढ पेन्शनला जन्मभर नडणार होती. पण त्यांना झोंबला तो शेऱ्यातला ‘असमाधानकारक’ हा शब्द.

साहेबांनी बोलावून समजावलं, की तुमची तळमळ ठीक आहे, पण आकडा दिसला पाहिजे. भाऊजी शांतपणे म्हणाले, “साहेब, गावाले आगच लागली नाई. मंग आता मीच जाऊन लावू काय?”

साहेबांनी ही धमकी समजून लेखी खुलासा मागितला. वर हुकूम काढला, की ड्यूटीच्या वेळात बंबापासून हलायचं नाही आणि तासातासाला मशीनवर अंगठा द्यायचा. लुना बंद झाली. भाऊजी खुर्चीवर बसून जिनिंगकडची हवा हुंगत राहायचे आणि तास झाला की अंगठा देऊन यायचे. घरी धड जेवत नसत, ताई काळजीनं अर्धी झाली.

आणि त्याच हंगामात, एका भर दुपारी, चौकीदाराच्या विडीनं गंजी पेटली. भाऊजींनी बंब असा हाणला की गाव बघत राहिलं. माणूस कोणी दगावला नाही, पण कापूस संध्याकाळपर्यंत धुमसत होता. एवढी मोठी आग दुसऱ्या कुणी विझवलेली नव्हती, त्यामुळे त्या वर्षी भाऊजी जिल्ह्यात पहिले! अडलेली वाढ मिळाली, शाल मिळाली, चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं, साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. ताईनं हौसेनं भिंतीत खिळा ठोकला. भाऊजींनी तो उपटून टाकला. मी पेढे घेऊन गेलो होतो, चार टोमणेही तयार ठेवले होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी तिकडं गेलो असतो तं लागलीच नसती, बाप्पा. पुऱ्या नोकरीत माह्याच्यानं तेवढं एकच काम झालं नाई, अन् हे त्याचंच बक्षीस देऊन राह्यले.”

पेढ्यांचा पुडा मी न उघडताच ताईच्या हाती दिला. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

आता ते निवृत्त आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी हंगामात दुपारी लुना निघतेच. चौकीदार तिची फटफट ऐकूनच विडी विझवतो. ना अंगठा, ना रकाना. त्यांच्यानंतर हे कोण करणार, हा विचार हल्ली मला छळतो. सरकारला छळत असेल असं दिसत नाही. परवा मी ताईकडे बसलो असताना दिवेलागणीला ते परतले. बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुतले, ओट्यावर टेकले, आणि कोणी काही विचारलं नसताना ताईला म्हणाले, “आज काई झालं नाई.”

ताईनं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.