यूडोराच्या मागे राहिलेल्यांची यादी

विनिफ्रेड ॲस्क्यू ग्रेनेडा बेटावरच्या आमच्या ला रोश गावात राहायला आली, तेव्हा पहिले काही महिने दुकानवाली इग्नेशिया तिला काडेपेटीसुद्धा देईना. आत शिरून "गुड मॉर्निंग" न म्हणता थेट पाव मागणारी बाई आमच्या लेखी माणसांत जमाच नाही. इग्नेशिया तिच्या आरपार भिंतीकडे बघत बसायची. इंग्लंडात लीड्सच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला तिचं चुकतंय काय, हे कुणीही सांगितलं नाही. आम्हाला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

शिकली बिचारी. नळाला पाणी असेल तेव्हा पिंपं भरून ठेवायला शिकली, बस थांबवायला पत्र्यावर बोटांनी टकटक करायला शिकली, निखाऱ्यावर ब्रेडफ्रूटचं फळ भाजायलाही शिकली. तरी गावभर तिचं नाव 'इंग्लिश'च. "काय गं इंग्लिश, आज छत्री नाही?" तिला विनी म्हणायची ती फक्त शेजारची म्हातारी यूडोरा.

यूडोराला साखरेचा आजार आणि वर रक्तदाब. मुलगा परदेशात, ब्रुकलिनला, तो कधी फिरकला नाही. नऊ वर्षं विनिफ्रेडने तिला रोज दोन वेळा सुई टोचली, पायाची नखं कापली, डॉक्टरांनी मीठ तोडलं म्हणून बिनमिठाचं सूप करून घातलं. ब्रुकलिनचे फोनही तीच लावून द्यायची, त्यामुळे सून-नातवंडांची नावं तिला पाठ. म्हातारी काही आभार मानणाऱ्यातली नव्हती. "तुझ्या सूपापेक्षा पावसाचं पाणी बरं," म्हणायची आणि वाडगा चाटूनपुसून साफ करायची.

आमच्याकडे दुपारी रेडिओवर वारलेल्या माणसाचं नाव सांगतात आणि त्याच्या मागे कोण कोण राहिलं, त्याची लांबलचक यादी वाचतात. त्यातून नाव गळलं म्हणून सख्ख्या भावांनी जन्माचा अबोला धरलाय. एकदा ते ऐकताना यूडोरा म्हणाली, "विनी, माझ्या वेळी तुझंही नाव वाचतील. कोण गाळतंय ते बघतेच मी."

"तू कशी बघणार, मा?"

"वरून."

इंग्लंडात विनिफ्रेडचं कुणी उरलं नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांची ती बाई त्या एका वाक्यावर जगत होती, आणि मनातल्या मनात आपलं नाव रेडिओवाल्याच्या आवाजात ऐकून बघत होती.

मार्चमध्ये एका सकाळी यूडोरा खुर्चीतच गेली. राजधानीहून पुतणी आली, व्हर्लिन. रेडिओच्या यादीसाठी टेबलाशी कागद घेऊन बसली. "ब्रुकलिनला पोरं तरी किती आहेत? मला कुठली माहीत."

विनिफ्रेडने एकेक नाव सांगितलं. मग गावातली सांगितली. मधेच उठून व्हर्लिनला चहा दिला. एक्केचाळीस नावं झाली.

"कुणी राहिलं का हो?" व्हर्लिनने विचारलं.

स्वतःचं नाव आपल्याच तोंडाने कसं सांगायचं? जन्मात तिने असलं काही मागितलं नव्हतं. आणि समोर कोण बसलंय हे हिला दिसत नाही का? आता सुचेल, मग सुचेल, म्हणून ती वाट बघत राहिली. "नाही, कुणी नाही," ती म्हणाली. व्हर्लिनने कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी विनिफ्रेड इस्त्रीचा झगा घालून इग्नेशियाच्या दुकानात आली. चारचौघांत ऐकायचं होतं तिला. यादी सुरू झाली. ब्रुकलिन झालं. इग्नेशियाचं नाव आलं, बसवाल्या टेलफोर्डचं आलं, दवाखान्यातल्या नर्सचंही आलं. "आणि वेळेअभावी ज्यांची नावं घेता येत नाहीत, असे इतर अनेक." मग साबणाची जाहिरात लागली.

"अगं इंग्लिश, तुझं नाही आलं?" इग्नेशिया म्हणाली. "मग तू म्हातारीकडे कामाला होतीस की काय?"

"आली की ती 'इतर अनेक'मध्ये," टेलफोर्ड म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. विनिफ्रेडही थोडी हसली, मग पाव न घेताच निघून गेली.

दफनाच्या दिवशी व्हर्लिनने तिच्या हातात यूडोराच्या घराची किल्ली ठेवली. "तुम्ही थांबाल ना घर राखायला? लोक परत आले की जेवतील, तेवढं सूप करून ठेवा. घरातल्या कुणी मागे राहणं बरं दिसत नाही हो."

विनिफ्रेडने काळा झगा उतरवला आणि मटण चिरायला घेतलं. चर्चची घंटा झाली तेव्हा ती हिरवी केळी सोलत होती. ती रडली, पण हात थांबवला नाही.

आम्ही परतलो ते भुकेने कावलेले. टेलफोर्डने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "यात मीठच नाही."

"कुणी केलंय हे?" इग्नेशियाने विचारलं.

"शेजारच्या त्या गोऱ्या बाईने," व्हर्लिन म्हणाली. "काय बरं तिचं नाव?"

आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. विनिफ्रेड दारातच उभी होती. ती आत गेली, मिठाचा डबा घेऊन आली आणि एकेका वाडग्यापाशी तो धरत फिरली.