बाबा झोपले आहेत

गल्लीत त्याला सगळे बेकरीवाला म्हणत, बेकरी त्याच्या मालकीची नसली तरी. मालक गल्ल्यावर बसे. पीठ मळणं, भट्टी सांभाळणं, तापलेले ट्रे ओढणं हे सगळं याच्याकडे. पहाटे तीनला घर सोडायचं, अकराच्या सुमाराला परतायचं, जेवायचं आणि बारा ते पाच ढाराढूर झोपायचं, असा त्याचा अकरा वर्षांचा शिरस्ता. बायको कापडाच्या दुकानात दिवसभर कामाला. घर बघायची त्याची आई. आणि एक मुलगी, यंदाच पहिलीत गेलेली. पाय न वाजवता चालते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

आपल्या घराचा त्याला भारी अभिमान. बेकरीतले जोडीदार घरच्या कटकटींची रडगाणी गाऊ लागले की हा मिशीतल्या मिशीत हसे. "आमच्याकडे आवाज म्हणून नाही. घराणंच शांत." इतरांकडे भांड्याला भांडं लागतं, आपल्याकडे तेही लागत नाही, याचं श्रेय तो सरळ आपल्या रक्ताला देऊन मोकळा होई. शेखी मिरवायला माणसाला कारण पुरतं, पुरावा लागत नाही.

शाळेच्या सभांना एरवी बायको जाई. त्या खेपेला तिला सुटी मिळेना, म्हणून केसांतलं पीठ झटकून हाच गेला. पहिलीचे बाक ते. बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकले. खिडकीत मुलांनी लावलेल्या रोपांचे डबे होते आणि दोरीवर चित्रं वाळत घातली होती. बाई निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्मा शोधणाऱ्या.

"पंधरा दिवसांनी पालकांसाठी कार्यक्रम आहे," बाईंनी सांगितलं. "प्रत्येक मूल स्वतः केलेलं पुस्तक सगळ्यांसमोर वाचणार. विषय, माझं घर."

सभा संपल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं. "मुलगी हुशार आहे तुमची. एक अक्षर चुकत नाही. पण ते मला तिच्या तोंडाशी कान नेल्यावर कळतं. पहिल्या बाकालासुद्धा ऐकू जात नाही. मुलं हल्ली तिला काही विचारत नाहीत, खेळायलाही घेत नाहीत. मधल्या सुटीत एकटीच बसते. तीस वर्षं मी वर्गाला हाताची घडी, तोंडावर बोट शिकवलं. हिचं बोट मात्र मला तोंडावरून काढता येईना. घरी कशी बोलते?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीतच नाही.

"आमचं घराणंच जरा शांत आहे," तो म्हणाला.

बाईंनी मुंगीचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. चार पानं, दोऱ्याने शिवलेली. पहिल्या पानावर घर. दुसऱ्यावर एक भला मोठा माणूस आडवा पसरलेला, तळवे भोपळ्याएवढे. त्याच्याभोवती आजी, आई, मुंगी आणि शेजारचं मांजर. चौघांचंही बोट तोंडावर, मांजराचंसुद्धा. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'बाबा झोपले आहेत.' पुढच्या पानावर, 'आम्ही हळू बोलतो.' आणि शेवटच्या पानावर, 'बाबा अजून झोपले आहेत.' मांजर बघून त्याला हसू फुटलं, पण मग नजर त्या तळव्यांवर गेली. आपल्या मुलीला आपले तळवे सगळ्यात जास्त पाठ आहेत, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो जेवला, आडवा झाला, डोळे मिटले. पण झोपला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने आपल्या घरातली दुपार ऐकली. आई धुतलेली भांडी एकेक करून जाड फडक्यावर ठेवत होती. काही मागायला आलेल्या शेजारणीला तिने दारातूनच खुणेने परत पाठवलं. साडेबाराला मुंगी चपला हातात धरून आत आली. पापण्यांच्या फटीतून त्याला दिसलं, आजीने भुवई उडवून विचारलं, शाळेत काय झालं? मुंगीने मान हलवून सांगितलं. जेवण, लाड, रुसवा, समजूत, सगळं मुक्याने चाललेलं. कसलं घराणं आणि कसलं काय. या दोघी त्याच्यासाठी दुपारभर श्वास रोखून बसत होत्या.

तो उठून बसला.

"बघ, उठवलंस ना त्याला," आई मुंगीला म्हणाली. मुंगीने काहीच केलं नव्हतं.

"आई, बेकरीत मी पीठ फुगेपर्यंत पोत्यांवर पडतो. शेजारी पीठ मळायचं यंत्र धडधडत असतं. तरी मला जाग येत नाही. जोडीदार तोंडावर पाणी मारतो तेव्हा उठतो."

"काहीतरीच. जरा खुट्ट झालं की उठायचास आणि घर डोक्यावर घ्यायचास."

"तेव्हा मी सहा महिन्यांचा होतो."

"मग? तोच ना तू," आई म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने नवा नियम काढला. दुपारी मुंगीने त्याच्या उशाशी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचं. पहिले तीन दिवस नुसते ओठ हलले. चौथ्या दिवशी तिने त्याच्या कानाशी जाऊन खात्री करून घेतली. आधी हळू "बाबा," मग जरा मोठ्याने, मग बेंबीच्या देठापासून. बाबा घोरत राहिले. मुंगी पाय आपटत आजीकडे पळाली. "आजी, बाबा खरंच उठत नाहीत गं." आजीचं बोट सवयीने तोंडाकडे निघालं आणि मोठ्या कष्टाने अर्ध्या वाटेवरून मागे फिरलं. हे त्याला संध्याकाळी आईकडून कळलं. पण तो जागा असला, की मुंगीची पुन्हा कुजबुज सुरू. जाग्या माणसांपुढे तिला आवाज फुटेना, आणि शाळेत तर सगळे जागेच असणार होते.

कार्यक्रमाच्या दिवशी तो कामावरून थेट शाळेत गेला. बायकोने अर्धा दिवस सुटी काढली होती. दोघं मागच्या बाकावर बसली. मुंगीचा नंबर अठरावा. सातव्या मुलाने वाचायला घेतलं तेव्हा त्याची हनुवटी छातीला टेकली. पुढचं त्याने पाहिलेलं नाही. पण बायकोने इतक्यांदा सांगितलंय की आता तो ते पाहिल्यासारखं सांगतो.

मुंगी पुढे आली. ओठ हलले, आवाज नाही. पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. बाई खाली बघू लागल्या. तेवढ्यात मुंगीची नजर मागच्या बाकावर गेली. आई बाबांना गदागदा हलवत होती.

"आई, उठवू नकोस," मुंगी म्हणाली, आणि वर्गाला तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. "ते झोपले की मला वाचता येतं."

मग तिने पान उलटलं. "बाबा झोपले आहेत."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. खरंच झोपले होते. वर्ग पोट धरून हसला. मुंगी हसणं संपेपर्यंत थांबली आणि शेवटचं पान तिने अशा खणखणीत आवाजात वाचलं की बाहेरचा शिपाई काय झालं म्हणून डोकावला.

टाळ्यांनी त्याला जाग आली. "मुंगीचा नंबर आला का?" त्याने घाईघाईने विचारलं.

"आला आणि गेला," शेजारचे एक आजोबा डोळे पुसत म्हणाले.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली, ते आपण घोरत घालवलं. फाटकाबाहेर आल्यावर तो मुंगीसमोर उकिडवा बसला. "चुकलो गं. मला ऐकायचं होतं."

मुंगीने दप्तरातून पुस्तक काढलं. त्याच्या टक्क उघड्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिचे पुन्हा नुसतेच ओठ हलले.

त्याने तिथेच, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गर्दीत, डोळे घट्ट मिटून घेतले.

मुंगी वाचू लागली. समोरच्या दुकानातली माणसं माना वळवून बघू लागली. तिसऱ्या पानावर त्याला राहवलं नाही. त्याने हळूच एक डोळा उघडला. तिने ते पाहिलं, आणि ती वाचत राहिली.