जीवन रामटेके आणि आटे गेलेला ब्लॉक

तुमसरात गाड्या दुरुस्त करणारे चाळीस आहेत आणि बिघडवणारेही तेच चाळीस, असं जीवन रामटेके कोणाच्याही तोंडावर म्हणत. जवाहरनगरच्या कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढून ते निवृत्त झाले आणि आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकून बसले. काम एकच घेत. इंजिनातल्या बोल्टच्या भोकाचे आटे गेले की ते पुन्हा पाडून द्यायचे. माझं घर समोरच, त्यामुळे त्यांचं बोलणं मला रोज ऐकू येई. गिऱ्हाईक आलं की ते आधी बोल्टकडे बघत, मग माणसाकडे, आणि दोघांबद्दल सारखंच वाईट मत देत.

गेल्या दिवाळीनंतर बपेऱ्याचे धनीराम पटले आपली व्हॅन ट्रॅक्टरमागे बांधून घेऊन आले. या व्हॅनमधून ते गावच्या बायकांना बाजाराला नि आजाऱ्यांना दवाखान्यात नेत. इंजिनातून पाणी गळायला लागलं म्हणून ती त्यांनी भय्याजीच्या गॅरेजात टाकली होती. भय्याजीचं गॅरेज म्हणजे काचेची केबिन, थंडगार हवा, आणि भिंतीवर त्याचेच सत्काराचे फोटो. हाताला ग्रीस लागलेला भय्याजी मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या लोकांनी हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट कसताना पान्याला हातभर लांब पाइप लावला. खालचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. दहापैकी चार बोल्ट आटे घेऊनच वर आले. मग त्या भोकांत चिकटवायचा लेप भरून बोल्ट तसेच रोवले. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा उकळून बाहेर. भय्याजीने सांगितलं, ब्लॉकच बाद झाला, नवा टाका.

जीवनरावांनी हेड उतरवलं, सुईने लेप उकरला, हुंगला आणि बाजूला फेकला.

"याले मेकॅनिक कोन म्हनते? हा तं भिंतीतले खड्डे बुजवनारा हाये. पटलेजी, तुमी गाडी याच्याकडं काहून नेली? काच पाहून?"

धनीरामांनी ती काच पाहूनच नेली होती.

काम दोन दिवसांचं होतं. ब्लॉकवर जाड लोखंडी पट्टी बसवायची, तिच्या भोकातून ड्रिल सरळ उतरवायचं, गेलेले आटे कापून भोक जरा मोठं करायचं. मग रॉकेलचा थेंब टाकत टॅपने नवे आटे पाडायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. शेवटी त्या आट्यांत पोलादी तारेचं वेटोळं बसवायचं. जुना बोल्ट त्या वेटोळ्यात घट्ट बसतो. तीन भोकं अशी झाली. तिन्हींत बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरत गेला.

चौथ्याच्या वेळी भय्याजी आला. इकडून जात होतो म्हणून थांबलो, म्हणाला. खरं तर बाद ठरवलेला ब्लॉक कोण दुरुस्त करतो ते बघायलाच आला होता. खुर्ची मागून घेऊन बसला आणि ती पट्टी पाहून हसला. काकांना डोळ्यांनी दिसत नाही वाटतं, आधाराला पट्टी लागते, असं काहीसं बोलला.

जीवनरावांनी पट्टी काढून ठेवली. भय्याजीसारख्या माणसाचं बोलणं मनावर घेणं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा, असं माझं आजही मत आहे. हातात ड्रिल धरून, कारखान्यात कसं काम होई याचं भाषण देत देत, त्यांनी चौथं भोक नुसत्या नजरेने पाडलं. बोल्ट फिरवला आणि त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला. बोल्ट एका बाजूला झुकलेला होता.

भय्याजी मोठ्याने हसून निघून गेला. जीवनरावांनी हात पुसले आणि धनीरामांना गुण्या दाखवला.

"भोक तिरकं गेलं. त्या गध्याले दाखवाले गेलो, म्हून मी त्याच्याहून मोठा गधा. आता इथं तारेचं काम होत नाही. बुश बनवतो, उद्या या."

"होईल ना, जीवनभाऊ?" धनीरामांनी विचारलं.

"होईल. आता पट्टी लावूनच करतो."

पुढचा सबंध दिवस त्यांनी लेथवर बाहेरून-आतून आट्यांचा पोलादी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, घडवण्यात घालवला. तिरकं भोक मोठं करून सरळ केलं, बुश बसवला, हेड चढवून ठरावीक जोरानेच कसणाऱ्या टॉर्क पान्याने मधल्या बोल्टांपासून कडेकडे टप्प्याटप्प्याने कसलं. दिवसभर ते स्वतःला शिव्या घालत होते, अगदी भय्याजीला घालत त्याच शब्दांत. त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, चहा आणून ठेवला आणि विचारलं की पटल्यांना एवढं सांगायची गरज काय होती, त्यांना काय कळणार होतं? तो चहा तसाच निवला.

व्हॅन दुरुस्त होऊन गेली ती पुन्हा गळली नाही. भय्याजीने मात्र गावभर सांगितलं की म्हाताऱ्याचा हात गेला. दोन महिने शेडकडे फारसं कोणी फिरकलं नाही. धनीराम बाजारच्या दिवशी मुद्दाम येऊन बाकड्यावर बसत. आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारा मिस्त्री मी पहिल्यांदा पाहिला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जीवनरावांना ही स्तुती अजिबात आवडत नसे. तिरकं भोक पाडल्याबद्दल टाळ्या कायले, असं ते कुरकुरत.

मागच्या महिन्यात भय्याजी स्वतः एका कारचा ब्लॉक पोत्यात गुंडाळून आला. भोकात साचलेलं तेल न काढताच त्याच्या माणसाने बोल्ट कसला होता. तेल दबत नाही. कोंडलेल्या तेलाने ब्लॉकच आतून फोडला होता. जीवनरावांनी रॉकेलने तो भाग पुसला आणि भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेल्या तड्यावर नख फिरवून दाखवलं.

"याले इलाज नाही," ते म्हणाले. "गाडीवाल्याले खरं सांगशील, का लेप भरशील?"

भय्याजीने पोतं पुन्हा बांधलं. ते गाडीत टाकून तो निघून गेला.